पेम्फिगस : तोंड येतं, बरं होत नाही, मग अंगावर फोड उठतात. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आईला पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे. निदान व्हायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत तिचं वजन अकरा किलोने उतरलं कारण तिला साधा वरणभात गिळता येत नव्हता. तेव्हापासून ओळखीतून ओळखीतून लोक फोन करतात, कुणाच्या सासूला, कुणाच्या मावसभावाला, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. आईच्या डॉक्टरांना सहा वर्षं प्रश्न विचारून विचारून आणि वाचून जे पक्कं समजलंय तेवढंच इथे आहे, आणि औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचाय.

पेम्फिगस म्हणजे नक्की काय?

ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे आपल्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच शरीरावर उलटते. बुंदीचा लाडू डोळ्यासमोर आणा. बुंदी एकमेकींना धरून असते ती पाकामुळे, पाक बिघडला की लाडू वळतच नाही, हात लावला की सुटा होतो. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचंही तसंच आहे, त्या एकमेकींना चिकटून राहतात त्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनामुळे. पेम्फिगसमध्ये रक्तातल्या अँटिबॉडीज नेमक्या या डेस्मोग्लीनवर हल्ला करतात, पेशी सुट्या होतात, मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि फोड येतो. फोडाचं वरचं आवरण अगदी पातळ असतं त्यामुळे तो टिकत नाही, फुटतो आणि खाली लालभडक ओली जखम उरते. नाव ग्रीक आहे, त्या भाषेत पेम्फिक्स म्हणजे बुडबुडा किंवा फोड.

1964 साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन या दोघांनी पेशंटच्या रक्तात या अँटिबॉडीज दाखवून दिल्या, तोपर्यंत हा आजार कशामुळे होतो ते कुणालाच धड माहीत नव्हतं.

पण मग तोंडातच आधी का होतं?

हा प्रश्न मी स्वतः विचारला होता आणि त्याचं उत्तर मला फार आवडलं. डेस्मोग्लीनचे प्रकार आहेत. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरात मुख्य काम तीन नंबरचं डेस्मोग्लीन करतं, आणि बाहेरच्या कातडीत एक नंबरचं आणि तीन नंबरचं दोन्ही असतात. सुरुवातीला अँटिबॉडीज बहुधा तीन नंबरच्याच विरुद्ध असतात. कातडीवर एक नंबर सांभाळून घेतो म्हणून अंगावर काही दिसत नाही, पण तोंडात सांभाळून घ्यायला दुसरं कुणी नसतं त्यामुळे तिथे आधी सोलवटतं. पुढे एक नंबरच्या विरुद्धही अँटिबॉडीज तयार झाल्या की अंगावर फोड उठायला लागतात.

म्हणून पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या निम्म्याहून जास्त पेशंटना सुरुवात तोंडातून होते, आणि अंगावर यायच्या आधी कित्येक आठवडे किंवा महिने नुसतं तोंडच आलेलं असतं. हाच काळ सगळ्यात जास्त वाया जातो.

साधं तोंड येणं आणि हे, फरक कसा ओळखायचा?

माझी एवढीच कळकळ आहे की हे उत्तर नीट वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

साधं तोंड आलं की एक-दोन बारीक गोल पांढरट फोड्या येतात, कडा लाल असते, झोंबतं, आणि आठवडा-दहा दिवसात, फार तर दोन आठवड्यांत बरं होतं. मग परत दोन महिन्यांनी येतं, परत जातं. पेम्फिगसमध्ये ते जातच नाही. एक जागा भरत येते तोवर दुसरी सोलवटते. आकार गोल नसतो, वेडावाकडा पसरट असतो, भाजल्यावर कातडी सुटते तसं दिसतं आणि कडेला पांढुरकं साल लोंबत असतं. गालाच्या आतून, टाळूला, हिरड्यांना, जिभेखाली, खाली घशापर्यंत. तोंडात फोड असा दिसत नाही कारण घास लागला की तो लगेच फुटतो, त्यामुळे पेशंट सांगतो "फोड नाही हो, नुसतं सोलून निघालंय". हिरड्यांतून रक्त येतं, ब्रश करणं अशक्य होतं, आवाज घोगरा होतो कधीकधी.

आमच्याकडे काय झालं, तर आईला आधी उष्णता म्हणून गुलकंद आणि सब्जा दिला, जाईचा पाला चावून झाला, मग बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग तोंडात लावायचं जेल, मग दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ केल्या, मग पोटाचा दोष असेल म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या, मग कुणीतरी म्हणालं कॅन्सर तर नाही ना आणि घरात रडारड झाली. या सगळ्यांनी आपापल्या परीने मनापासूनच सांगितलं होतं, कुणावर राग नाही. पण आठ महिन्यांत एकानेही स्किनवाल्या डॉक्टरांचं नाव काढलं नाही. तोंडातल्या जखमेसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं असतं हे आम्हाला कुठून माहीत असणार?

म्हणून साधा हिशोब ठेवा. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायचीच. पेम्फिगस नसेलही, लायकेन प्लॅनस नावाचा तोंडाचा-त्वचेचा दुसरा आजार असेल, तंबाखू खाणाऱ्याला आणखी काही गंभीर असेल, पण त्यातलं काहीच घरी बसून बघत राहण्यासारखं नाही.

अंगावरचे फोड कसे असतात?

ढिले, लुळे. पाणी भरलेली पातळ पिशवी असावी तसे. धक्का लागला की फुटतात आणि ओली जखम पसरत जाते, त्यावर खपली धरते, पण लवकर भरत नाही. डोक्यात, चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर, काखेत, जांघेत जास्त. खाज फारशी नसते, दुखतं आणि आग होते. डोक्यात झालं तर केस खपलीत चिकटून गठ्ठे होतात आणि घरच्यांना वाटतं कोंडा आणि खरूज झाली. बायकांना योनीमार्गातही जखमा होतात आणि त्या लाजेपोटी सांगत नाहीत, डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपण होऊन सांगायला पाहिजे. नाकातून खपल्या पडतात, डोळे लाल होतात, तेही सांगायचं.

डॉक्टर चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर बोट दाबून घासून बघतात, वरचा थर सरकून निघाला तर त्याला निकोल्स्की साइन म्हणतात. हे घरी करून बघू नका, उगाच नवीन जखम होते.

पेम्फिगस फोलिएशियस नावाचा याचाच दुसरा प्रकार आहे, त्यात तोंड बहुतेक ठीक असतं आणि अंगावर फोडांपेक्षा कोंड्यासारख्या खपल्याच जास्त दिसतात. ब्राझीलच्या काही ग्रामीण भागांत तो स्थानिक साथीसारखा आढळतो, तिथे त्याला फोगो सेल्व्हाजेम म्हणजे रानटी आग म्हणतात. पेशंटला होणारी आग बघितली की नाव किती खरं आहे ते कळतं.

आम्हाला वाटलं नागीण आहे. नागीण आणि यात फरक काय?

नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, बारीक फोडांचे झुबके असतात, फोड यायच्या आधी तिथे ठणका असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ती सुकते. ती व्हायरसमुळे होते, कांजिण्यांचाच व्हायरस तो. पेम्फिगस दोन्ही बाजूंना कुठेही येतो, पट्टा वगैरे नसतो आणि आपण होऊन सुकत नाही. नागीण उतरवून देणारे गेरू लावतात, मंत्र घालतात, आणि खरी नागीण तशीही आपोआप सुकते म्हणून त्यांना यश आल्यासारखं वाटतं, पण पेम्फिगसवर गेरूचे लेप दिले तर उघड्या जखमेत जंतू जातात एवढंच होतं.

ताप येऊन दोन-चार दिवसांत एकदम अंगभर कातडी सुटायला लागली, ओठ आणि डोळे सोलवटले आणि त्याआधी फिटच्या, गाऊटच्या किंवा सल्फाच्या गोळ्या सुरू केलेल्या असतील तर ती औषधाची जीवघेणी रिॲक्शन असू शकते. तेव्हा फरक ओळखत बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल.

आजोबांना मोठे टणक फोड आलेत, फार खाजतंय, तोंड मात्र चांगलं आहे. हाच आजार का?

बहुधा याचा चुलतभाऊ, बुलस पेम्फिगॉइड. 1953 साली वॉल्टर लिव्हर यांनी हा पेम्फिगसपेक्षा वेगळा आजार आहे हे दाखवलं, त्याआधी सगळे एकाच नावाखाली जायचे. यात पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत, कातडीचा अख्खा वरचा थरच खालच्या थरापासून उचलला जातो. छप्पर जाड असल्यामुळे फोड टणक, ताणलेले असतात, लवकर फुटत नाहीत. हा साठी-सत्तरीनंतर जास्त होतो तर पेम्फिगस आपल्याकडे तिशी ते पन्नाशीच्या कमावत्या वयातही गाठतो. आणि पेम्फिगॉइडमध्ये खाज अतोनात असते, कधीकधी फोड यायच्या कित्येक आठवडे आधीपासून नुसती खाज आणि पित्तासारखे चट्टे असतात, सगळे म्हणतात म्हातारपणाची कोरडी कातडी आहे, खोबरेल लावा.

यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कामाची आहे. डायबेटिसच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचा, त्यातही विल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध दिसून आलाय. ही गोळी आपल्याकडे खूप लोक घेतात. आजोबांना शुगर असेल तर गोळ्यांची पाकिटं स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका, बदलून घ्या. पॅरालिसिस, पार्किन्सन्स, विस्मरण असलेल्या वृद्धांमध्येही हा जास्त आढळतो.

उपचारही जरा वेगळे, बऱ्याच जणांचं क्लोबेटासॉल मलम अंगभर लावून भागतं, डॉक्सीसायक्लिनही देतात. आता पुढचं सगळं मी पेम्फिगस व्हल्गॅरिसबद्दलच लिहितेय.

दुसऱ्याला लागतो का?

नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, कपड्याने, जवळ झोपल्याने, फोडातलं पाणी लागल्याने, कशानेच नाही. आईची ताटवाटी वेगळी काढणाऱ्या नातेवाइकांना मला हे दोनदोनदा सांगावं लागलं. नातवंडाला जवळ घेऊ द्या.

आम्हालाच का झालं? काही खाण्यात आलं का?

कुणाच्या पापाचं फळ नाही, बाधा नाही, रक्त बिघडलेलं नाही, उष्णता नाही. काही लोकांच्या एचएलए जनुकांची ठेवण अशी असते की हा आजार होण्याची शक्यता वाढते, म्हणून काही समाजांमध्ये, उदाहरणार्थ अश्केनाझी ज्यूंमध्ये, तो जास्त दिसतो. पण आईला झाला म्हणून मुलीला होईल असं नसतं, एकाच घरात दोन पेशंट फारच क्वचित. त्यावर नक्की कशाची ठिणगी पडते ते बहुतेकांच्या बाबतीत सापडत नाही. पेनिसिलामाइन आणि कॅप्टोप्रिलसारखी औषधं काहींना कारणीभूत ठरतात. कांदा-लसणातल्या गंधकाच्या घटकांवर संशय घेतला जातो पण सरसकट बंद करावं इतका पुरावा नाही. आई कांदा-लसूण खाते. तुम्हाला एखाद्या पदार्थाने दरवेळी त्रास वाढतो असं दिसलं तर तो सोडा.

कोणत्या तपासण्या करतात? तुकडा काढायलाच लागतो का?

हो, लागतो, आणि घाबरू नका. जागा बधिर करून चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो. "तुकडा काढला की आजार पसरतो" हे आमच्या आत्याने सांगितल्यामुळे आमचे तीन आठवडे गेले. तसं काही नसतं.

दोन तुकडे का घेतात ते समजून घ्या. एक ताज्या बारीक फोडाच्या कडेचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पेशी सुट्या झालेल्या दिसतात आणि तळाची एक ओळ तेवढी उभी राहिलेली, डॉक्टर तिला थडग्यांची रांग म्हणतात. दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, त्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लोरेसन्स म्हणजे डीआयएफ करतात. त्यात अँटिबॉडीज चमकतात, पेम्फिगसमध्ये कोळ्याच्या मासे धरायच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते आणि पेम्फिगॉइडमध्ये तळाशी एक सरळ रेघ. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया गेला, त्याला वेगळं द्रावण लागतं. लहान गावात ही सोय नसते, तुकडा मोठ्या लॅबला पाठवतात, त्यामुळे नमुना कशात पाठवताय हे विचारायला लाजू नका. आमचा पहिला नमुना असाच फुकट गेला आणि आईला परत टाका घ्यावा लागला.

फोडाच्या तळाचं खरवडून काचेवर घेऊन बघायची त्झांक टेस्ट लगेच होते आणि स्वस्त आहे, अंदाज येतो पण त्यावर थांबत नाहीत. रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण एलायझा नावाच्या रक्ततपासणीने मोजतात, पुढे औषध लागू पडतंय का ते बघायलाही तिचा उपयोग होतो.

स्टिरॉइड द्यायलाच हवेत का? ते तर फार वाईट म्हणतात.

स्टिरॉइड यायच्या आधी, म्हणजे 1950 च्या आसपासपर्यंत, पेम्फिगस व्हल्गॅरिसचे बहुतेक पेशंट काही वर्षांत दगावायचे. अंगभर उघड्या जखमा, त्यातून पाणी आणि प्रथिनं वाहून जायची, जंतुसंसर्ग व्हायचा. आज माणसं जगतात, नोकरी करतात, ती या औषधाने सुरुवात झाली म्हणून. त्यामुळे "स्टिरॉइड नको" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी शांतपणे हे सांगते.

पण त्रास खरे आहेत, तेही लपवायला नको. प्रेडनिसोलोन सुरुवातीला वजनाच्या हिशोबाने मोठ्या डोसमध्ये देतात. चेहरा गोल होतो, भूक खाखा सुटते, झोप उडते, चिडचिड होते, शुगर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. आई रात्री दोन वाजता उठून डबे घासत बसायची आणि आम्हाला वाटायचं हिला वेड लागलं की काय, ते गोळीचं होतं, डॉक्टरांनी गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली तेव्हा जरा कमी झालं. सोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात ते चुकवू नका. खुब्यात किंवा जांघेत दुखायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, स्टिरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, एमआरआय करून बघतात.

स्टिरॉइड जास्त दिवस मोठ्या डोसमध्ये घ्यायला लागू नये म्हणूनच सोबत दुसरी औषधं देतात, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट वगैरे. ॲझाथायोप्रिन सुरू केल्यावर पांढऱ्या पेशी आणि लिव्हरची रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी करायचीच. आपल्याकडे काही लोकांमध्ये एनयूडीटी15 या जनुकातल्या फरकामुळे पेशी अचानक खूप कमी होतात आणि केस गळायला लागतात, त्याची टेस्ट आधी करता येते.

फोड गेले, गोळ्या बंद केल्या तर?

करू नका. महिनोन् महिने स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं, एकदम गोळी बंद केली तर बीपी खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. आणि आजारही उसळून येतो. डोस पायरीपायरीने उतरवतात, त्याला महिने लागतात. गावाला जाताना गोळ्या दोन आठवड्यांच्या जास्त न्या, एक पाकीट पर्समध्ये आणि एक बॅगेत.

गोळ्या सुरू करून दहा दिवस झाले, काहीच फरक नाही?

आधीच तयार झालेल्या अँटिबॉडीज रक्तात टिकून असतात, त्यातल्या निम्म्या संपायलाच साधारण तीन आठवडे लागतात. स्टिरॉइडने नवीन फोड यायचं आधी कमी होतं, मग जुन्या जखमा भरतात, आणि तोंड सगळ्यात शेवटी बरं होतं. आईचं अंग दीड महिन्यात कोरडं झालं पण तोंडाला पाच महिने लागले.

पल्स थेरपी आणि रिटुक्सिमॅब म्हणजे काय?

पल्स थेरपी ही भारताची देणगी आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात ती रूढ केली. दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, आणि मधल्या काळात त्याची छोटी गोळी रोज. रोजच्या स्टिरॉइडचे त्रास कमी होतात आणि खर्च आवाक्यात राहतो, हजारो गरीब पेशंट त्यावर बरे झालेत. पण सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, लघवीच्या पिशवीला त्रास होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर प्यायचं. तरुण पेशंटने हा विषय आधीच डॉक्टरांकडे काढावा.

रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मूळ घराण्यावरच, बी पेशींवर, काम करतं. नेहमीची पद्धत म्हणजे एक ग्रॅम सलाइनमधून, पंधरा दिवसांनी परत एक ग्रॅम. दिवसभर ॲडमिट राहावं लागतं, सुरू असताना थंडी-ताप येऊ शकतो म्हणून हळूहळू सोडतात. 2017 साली फ्रान्समधला 90 पेशंटचा अभ्यास आला, त्यात ज्यांना सुरुवातीलाच रिटुक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टिरॉइड दिलं त्यातले 89 टक्के दोन वर्षांनी स्टिरॉइडशिवाय पूर्ण बरे होते, आणि नुसत्या स्टिरॉइडवाल्यांतले 34 टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. म्हणजे हे "सगळं फसल्यावर शेवटी" द्यायचं औषध राहिलेलं नाही, परवडत असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तर लवकर घेतलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय कंपन्या हे औषध 2007 पासून बनवतात त्यामुळे परदेशीपेक्षा स्वस्त पडतं, तरी साध्या घराला जडच. सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत चौकशी करा, आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊनच जा.

इंजेक्शनच्या आधी हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही आणि टीबीच्या तपासण्या करतात. या टाळू नका. आपल्याकडे टीबी शरीरात झोपून राहिलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. जिवंत जंतूंच्या लसी या काळात चालत नाहीत, बाकीच्या लसी शक्यतो इंजेक्शनच्या आधी उरकून घ्या.

घरी जखमांची काळजी कशी घ्यायची?

आईला सगळ्यात जास्त त्रास फोडांचा नव्हता, चादरीचा होता. रात्रभरात पाठ चादरीला चिकटायची आणि सकाळी सोडवताना ती ओरडायची. वॉर्डातल्या एका सिस्टरांनी केळीचं पान सांगितलं. भाजलेल्या आणि अशा सोललेल्या पेशंटना केळीच्या पानावर झोपवायची पद्धत आपल्याकडच्या हॉस्पिटलांत आहे, पान गुळगुळीत आणि थंड असतं, जखमेला चिकटत नाही. पानं नीट धुवून, उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, मधला जाड दांडा काढून अंथरायची, रोज नवीन. आमच्या शेजारच्यांच्या परसातली केळ त्या दोन महिन्यांत बोडकी झाली आणि त्या काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही. पान मिळत नसेल तर व्हॅसलिनची जाळीदार पट्टी मेडिकलमध्ये मिळते. कापूस थेट जखमेवर कधीच नको.

चिकटलेली पट्टी ओढायची नाही, कोमट सलाइनने भिजवून सोडवायची. मोठा ताणलेला फोड नर्सकडून निर्जंतुक सुईने खालून टोचून पाणी काढून घ्यायचा पण वरची कातडी तशीच ठेवायची, तीच सगळ्यात चांगली पट्टी. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने शेकायला सांगतात, पाणी अगदी फिकट गुलाबी हवं, जांभळं झालं तर कातडी भाजते. जुन्या सुती साड्या आणि धोतरं जपून ठेवा, त्यांच्यासारखं मऊ काही नाही. चिकटपट्टी अंगाला लावू नका, काढताना कातडी घेऊन येते.

तोंड सोललंय, खायला काय द्यायचं?

थंड किंवा कोमट, मऊ, बिनतिखट. तांदळाची पेज, मऊ भात आणि पातळ मुगाचं वरण, दूध, लापशी, अंड्याची भुर्जी मऊ करून, केळं कुस्करून. भाकरी दुधात किंवा वरणात भिजवून. चिवडा, टोस्ट, फरसाण, लिंबू, टोमॅटो, गरम चहा नको. आईला स्ट्रॉने पिणं जमायचं. जखमांतून प्रथिनं जातात त्यामुळे डाळ, अंडी, पनीर, दूध वाढवायचं, आणि स्टिरॉइड चालू आहे म्हणून साखर-मीठ कमी. ब्रश लहान मुलांचा मऊ. जिभेवर पांढरा थर जमला की तो आजार वाढल्याचा नसून बुरशीचा असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, दाखवा.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथी करावं का?

मनाला बरं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून सोबत करा, पण स्किनच्या डॉक्टरांची औषधं बंद करून नको. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, दोन दिवसांत गुण येतो तो त्याचा, आणि किती डोस पोटात जातोय ते कुणालाच माहीत नसतं.

लग्न, गरोदरपण?

दोन्ही होऊ शकतं, आजार आटोक्यात आणून, ठरवून. मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड बाळाला घातक आहेत, ती काही काळ आधीच बदलावी लागतात. आईच्या अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात त्यामुळे क्वचित बाळाला जन्मतः थोडे फोड असतात, काही आठवड्यांत जातात, बाळाला तो आजार जन्मभर राहत नाही.

पूर्ण बरं होतं का? डाग राहतात का?

बरेच पेशंट औषधाशिवाय वर्षानुवर्षं चांगले राहतात. काहींना छोट्या डोसवर राहावं लागतं. उलटूही शकतो, म्हणून फोड नसले तरी तपासणीला जायचं. जखमा वरवरच्या असल्यामुळे व्रण सहसा राहत नाहीत, काळे डाग मात्र बरेच महिने टिकतात आणि फिकट होत जातात. आई दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलची बॅटरी लावून आरशात तोंड तपासते. दोन वर्षांपूर्वी टाळूला दाण्याएवढी सोललेली जागा तिलाच आधी दिसली, दाखवली, आणि तेवढ्यावरच निभावलं.

लगेच हॉस्पिटलला कधी पळायचं?

ताप आला, जखमेला वास किंवा पू आला, पाणीसुद्धा गिळेना, लघवी कमी झाली, डोळे लाल होऊन चिकटायला लागले, नवीन फोड झपाट्याने पसरायला लागले, किंवा स्टिरॉइड घेणारा माणूस एकदम गळून गेला आणि उलट्या व्हायला लागल्या. स्टिरॉइडमुळे ताप दबून राहू शकतो त्यामुळे थोडीशी कणकणसुद्धा मोठी समजा.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

फोटो. ताजा फोड दिसला की लगेच मोबाइलवर काढून ठेवा, उजेडात, तारखेसकट, कारण अपॉइंटमेंटच्या दिवसापर्यंत तो फुटून गेलेला असतो आणि नुसती खपली दाखवावी लागते. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, बीपी-शुगरची सुद्धा, काढ्याची बाटली असेल तर तीही. वजन कधी किती होतं ते. आणि एका कागदावर तोंड पहिल्यांदा कधी आलं तो महिना लिहून न्या, घाईत आपण "झाले असतील दोन-तीन महिने" म्हणतो, आम्हीही तेच म्हणालो होतो, आणि मग कॅलेंडर बघितलं तर सुरुवात संक्रांतीला झाली होती आणि आम्ही गणपतीत येऊन उभे होतो.